टाचणीसाहेबांचा एकपात्री प्रयोग

आता जे सांगायचं आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच तर सांगणाऱ्याचं काहीतरी चुकलं असं समजावं. पण गोष्ट अक्षरशः खरी आहे, आणि जिथे ती खरी नाही तिथे ती खरी असायला हवी होती.

टाचणीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. साहेब सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या खिडकीत यायचा, त्याच्यावर शिक्का बसायचा, त्याला टाचणी लागायची आणि मग तो आत जाऊन नाहीसा व्हायचा. कचेरीत क्लिपा आल्या, स्टेपलर आले, कॉम्प्युटर आले. साहेबांनी टाचणी सोडली नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या कडेला टाचण्या ओळीने खोचलेल्या असत, आणि त्यामुळे त्यांच्या गळ्यात पडायची हिंमत घरच्यांनीही कधी केली नव्हती.

साहेबांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांचं खरं बोलणं. "कसे आहात?" असं कोणी विचारलं तर ते लगेच "मजेत" असं म्हणत नसत, "पाहून सांगतो" म्हणत आणि दोन दिवसांनी खरोखर सांगत. अशा माणसाला नशिबाने बसवलं कुठे, तर उशिरा अर्ज आणणाऱ्यांच्या खिडकीत. खिडकीत येणारा प्रत्येक जण वाकून, आवाज खाली आणून एकच सुरुवात करायचा. "साहेब, तुमचा विश्वास बसणार नाही, पण..." आणि पुढे असं काही सांगायचा की कचेरीतले पंखे थांबावेत. कोणाचा अर्ज बकरीने खाल्लेला असे, आणि पुन्हा लिहिला तर तीच बकरी पुन्हा आलेली असे. एकाचे आजोबा दरवर्षी मुदतीच्या आदल्या दिवशी वारत. साहेब सगळं शांतपणे ऐकून घेत आणि कागदावर लिहीत, "विलंबाचे कारण: वैयक्तिक." बकरीची नोंद सरकारदरबारी कुठेही नाही.

तर असे हे साहेब निवृत्त झाले. कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, हातात फुलं दिली आणि त्यांच्या खिडकीत दुसरा माणूस बसवला. साहेब घरी आले आणि सवयीने दारासमोर खुर्ची टाकून बसले.

घरात आवक सुरूच होती. दूध आलं, वर्तमानपत्र आलं, बाजारातून बायको आली. साहेब प्रत्येकाकडे आणि मग घड्याळाकडे बघत. "उशीर झाला," ते बायकोला म्हणत, "कारण?"

पहिल्या आठवड्यात तिने कारणं दिली. दुसऱ्या आठवड्यात ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, "अहो, घरात दिवसभर दोन माणसं म्हणजे गर्दी होते. आपल्या दोघांपैकी एकाने बाहेर पडायला हवं."

साहेबांनी हे वाक्य ऐकलं, त्यावर मनातल्या मनात शिक्का मारला आणि त्यातला "एक" म्हणजे आपण असं गृहीत धरलं. उभ्या नोकरीत त्यांनी एकही कागद न वाचता पुढे पाठवला नव्हता. हा पहिलाच.

बाहेर पडायची सोय साडूंनी करून ठेवलीच होती. साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. प्लायवूडचं मोठं दुकान, मोठं पोट, मोठा आवाज. त्याच आठवड्यात ते घरी आले, सोफ्यात रुतले आणि म्हणाले, "काय राव, आता करणार काय? माझ्याकडे येऊन बसा. गल्ल्यामागे एक खुर्ची आहे, वर पंखा आहे."

"काम काय असेल?" साहेबांनी विचारलं.

"काम कसलं? बसायचं. दुकानात एक घरचं माणूस दिसलं की पोरं चोऱ्या करत नाहीत. आठ बाय चारचे तक्ते कोणते, सात बाय तीनचे कोणते, एवढं कळलं की झालं."

"सात बाय तीनचे दारांना," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आणि परवा तुम्ही गिऱ्हाइकाला पाठवलेले सहाचे निघाले, भावोजी. ताई बोलली नाही, मी बोलते."

साडू हसले. साहेब हसले नाहीत. "बसायचं" हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता. ज्या माणसाशिवाय सरकारचा एक कागद हलत नव्हता, त्याला आता प्लायवूडच्या दुकानात बुजगावण्यासारखं बसायचं. त्यांनी विचार करायला महिनाभराची मुदत मागून घेतली. महिन्याच्या शेवटी दुसरं काही सापडलं नाही तर त्या खुर्चीत, त्या पंख्याखाली, साडूंच्या "काय राव"च्या टप्प्यात उरलेलं आयुष्य.

यातून मार्ग दाखवला मुलीने. ती परगावी नोकरीला होती आणि फोनवरून आईबापांना वाढवत होती. "बाबा, एकदम कसला मोठा निर्णय घेऊ नका," ती म्हणाली. "छोटे छोटे प्रयोग करा. एक आठवडा एक गोष्ट. मन लावून करायची. आवडली तर पुढे न्यायची, नाही आवडली तर सोडून द्यायची. कळेल आपोआप काय जमतंय ते."

साहेबांनी हा सल्ला वरून आलेल्या आदेशासारखा घेतला आणि सोमवारी सकाळी पहिला प्रयोग सुरू केला. घड्याळदुरुस्ती. घड्याळ कचेरीने दिलेलंच घेतलं. ते बिघडलेलं नव्हतं ही एक अडचण होती, ती त्यांनी पहिल्या तासातच दूर केली. चाकं एका बशीत, काटे दुसऱ्या बशीत, आणि मुख्य स्प्रिंग दोन बोटांत धरून साहेब श्वास रोखून बसले असताना दारावरची बेल वाजली. स्प्रिंग सुटली. ती छताला लागली, छतावरून पंख्याला लागली आणि पंख्याने ती कोणाकडे पाठवली याचा पत्ता अजून लागलेला नाही. दारात विमावाले उभे होते. खालच्या मजल्यावर राहत, विमा विकत, आणि "सहज आलो होतो" म्हणून अर्धा दिवस नेत.

त्या दिवशी साहेबांनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आणि तो पुठ्ठा दाराबाहेर टाचणीने लावला:

"आत प्रयोग चालू आहे. बेल वाजवू नये."

इथून घोटाळा सुरू झाला. पाटीवर एक अक्षर खोटं नव्हतं, हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्या आठवड्यात प्रयोग होता साबणाचा. घरी साबण कसा करावा याची एक पुस्तिका साहेबांनी आणली. पुस्तिका त्यांना फार आवडली, कारण ती त्यांच्याच भाषेत लिहिलेली होती. "एका स्वच्छ पात्रात तेल घ्यावे. दुसऱ्या पात्रात कॉस्टिक सोडा विरघळवावा." पातेल्याला पात्र म्हणणारा माणूस नक्कीच कुठल्यातरी कचेरीतून निवृत्त झालेला असणार, असं साहेबांना वाटलं. त्यांनी बाजारातून दोन लहान पात्रं आणली. तिसरं, मोठं, बायकोचं घेतलं.

"जळलं तर बघा," ती म्हणाली, चपला घातल्या आणि बहिणीकडे निघून गेली. हल्ली ती रोज दुपारी बहिणीकडे जायची आणि संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या चपलांना लाकडाचा भुसा लागलेला असे. साहेबांनी त्या भुशाची आवक नोंदवली, पण त्यावर विचार केला नाही. ते ढवळत होते.

साबण घट्ट झाला नाही. तो सगळा आठवडा पात्रात पडून राहिला आणि साहेबांकडे बघत राहिला. शेवटी वैतागून ते तो फेकायला जिन्यावरून नेत होते तेव्हा लहान पात्राच्या बुडातून त्याला वाट मिळाली. मागोमाग विमावाले आले. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, त्यानंतर पाय ठेवायचं काम उरलंच नाही. चार पायऱ्या त्यांनी बसूनच उतरल्या. लागलं काही नाही, पण स्वतःचा विमा त्यांनी अजून काढलेला नव्हता हे त्यांना त्या चार पायऱ्यांत आठवलं आणि त्याचाच धसका बसला.

साहेबांनी नव्याने साबण ढवळायला घेतला, आणि तक्रार गेली सेक्रेटरींकडे. इमारतीचे सेक्रेटरी हे कडक गृहस्थ, पण त्यांच्या छातीत एक जुनं दुखणं होतं. कॉलेजात असताना त्यांनी नाटकात पहारेकऱ्याचं काम केलं होतं, आणि पहारा देताना त्यांना झोप लागली होती. तेव्हापासून नाटक म्हटलं की ते हळवे होत. ते तावातावाने जिना चढून आले, दारावरची पाटी त्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि बेल न वाजवता हलकेच कडी वाजवली.

"टाचणीसाहेब," त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, "तुम्ही प्रयोग करता?"

"हो."

"कधी बोलला नाहीत."

"आत्ताच सुरू केलेत. मुलीने सुचवलं. म्हणाली, छोटे करा."

"बरोबर आहे. सुरुवात छोट्यापासूनच करावी. पात्रं किती?"

"तीन," साहेब म्हणाले. "दोन लहान, एक मोठं."

"लहान कुठून मिळवलीत? मिळत नाहीत हो चांगली."

"बाजारातून आणली. हल्ली स्वस्त मिळतात. पण एक गळकं निघालं."

सेक्रेटरींनी जरा दचकून पाहिलं. नाटकाच्या नव्या चाली त्यांना ठाऊक नव्हत्या. "आणि स्त्रीपात्र?"

साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज उतरवला. "मोठं तेच. आमच्या हिचं. पण ती फार नाराज आहे. म्हणते, जळलं तर बघा."

"जळफळाट असतोच," सेक्रेटरी समजुतीने म्हणाले. "शेवट कसा आहे?"

"शेवट माझ्या हातात नाही. रोज ढवळतो, वाट बघतो. घट्ट झालं तर झालं, नाहीतर सगळं वाहून जातं."

सेक्रेटरी एक पाऊल पुढे आले. त्यांनी साहेबांच्या छातीवर हात ठेवला, टाचणी टोचली, पण हात काढला नाही. "प्रायोगिक आहे तर."

"प्रायोगिकच आहे," साहेब म्हणाले. "अजून पक्कं काही नाही."

बातमी इमारतभर पसरायला तेवढं पुरलं. वरच्या मजल्यावरच्या गाणंबाई येऊन सांगून गेल्या की मागे थोडे सूर असले तर प्रयोग उठून दिसेल. साहेबांनी कळवलं की ढवळताना लक्ष विचलित होतं. विमावाले पडल्याचं विसरून आले आणि म्हणाले, "साहेब, प्रयोग पडला तर? पडलेल्याचं दुःख मला विचारा. छोटासा विमा काढून टाका." तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी सल्ला दिला की काहीही करा, पण लांबवू नका, तोंड उघडून बसलेल्या माणसाची सहनशक्ती किती असते हे त्यांना धंद्यामुळे माहीत होतं. साहेबांना अचंबा वाटत होता. साबणाबद्दल लोकांना इतका जिव्हाळा असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

अशात सेक्रेटरी पुन्हा आले. भागातल्या वाचनालयाचा वार्षिक मेळावा रविवारी होता. करमणुकीला एक जादूगार ठरवला होता, पण तो ऐनवेळी गायब झाला. "टाचणीसाहेब, तुमचा प्रयोग सभागृहात करू या. सगळ्यांसमोर."

साहेबांच्या डोळ्यांपुढे सभागृह उभं राहिलं. शेकडो माणसं, समोर आपण, पात्रात साबण. लोक बघताहेत, विचारताहेत, शिकवा म्हणताहेत. असं झालं तर वर्ग काढता येतील. वर्ग निघाले तर साडूंच्या खुर्चीवर साडूंनी स्वतःच बसावं. महिन्याची मुदतही त्याच रविवारी संपत होती.

"करू या," साहेब म्हणाले. आणि त्यांनी साडूंना फोन लावला. "रविवारी संध्याकाळी सभागृहात या. त्यानंतर मी तुमच्या खुर्चीचं उत्तर देतो."

"खुर्चीचं काय एवढं," साडू पलीकडून चाचरत म्हणाले. "तुम्ही ते मनावर घेऊ नका, राव. खुर्ची काय, भरेल कशीतरी."

हा टोमणा आहे हे साहेबांनी ओळखलं आणि फोन ठेवून दिला.

सार्वजनिक प्रयोग म्हटला की परवाना आला, आणि परवाना म्हटला की कचेरी. साहेब छाती पुढे काढून गेले. कचेरीत कसं वागायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. या वेळी ते खिडकीच्या बाहेर होते.

खिडकीत एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "उद्या या."

साहेबांच्या अंगावर काटा आला. "उद्या" लांब, "या" तोडून, शेवटी किंचित जांभई. हा सूर त्यांनी स्वतः शोधला होता. कितीतरी वर्षं त्यांनी तो घासूनपुसून तयार केला होता, आणि आता तो खात्याखात्यांतून फिरत फिरत त्यांच्याच कपाळावर येऊन आदळला. त्यांना क्षणभर अपमान वाटला आणि लगेच थोडा अभिमानही वाटला.

ते उद्या गेले. "संहिता आणलीत?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"प्रयोगात काय होणार ते लिहून द्या."

साहेबांनी तिथेच बसून स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. कागद एकत्र करायला त्यांनी खिशाची टाचणी काढली. बाईंनी ती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली आणि स्टेपलर मारला. साहेबांनी तो घाव सोसला. बाई वाचू लागल्या.

"मंद आचेवर ठेवावे. एकाच दिशेने ढवळत राहावे. मध्येच थांबू नये. वास आला तरी धीर सोडू नये. घट्ट होईपर्यंत कोणाशी बोलू नये." बाईंनी मान वर केली. "यात बोलणं कुठेच नाही?"

"बोललं की बिघडतं."

"प्रायोगिक आहे का?"

"प्रायोगिकच आहे."

"मग प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "प्रायोगिक असलं की आम्हाला समजायची अट नाही." आणि त्यांनी शिक्का उचलला, पण तो हवेतच थांबला. "ही आच म्हणजे मंचावर खरा विस्तव?"

"मंद."

"मंद असला तरी अग्निशमनचा दाखला लागतो. तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावरच्या शिपायाने सांगितलं की अधिकारी आग विझवायला गेले आहेत. "कधी येतील?" साहेबांनी विचारलं. "विझली की," शिपाई म्हणाला. साहेब संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. आग कुठली होती कोण जाणे, पण ती चांगली टिकाऊ होती. शेवटी खालच्या बाईंनी दया येऊन परवान्यावर शिक्का मारला आणि बाजूला लिहिलं, "विस्तवाविना." साहेबांनी मनाशी ठरवलं, ऐनवेळी बघू.

रविवार उजाडला. साहेब एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात पिशवी आणि काखेत पात्र घेऊन सभागृहाशी आले. लहान पात्रांपैकी एक गळकं होतं, दुसऱ्याचं बूड आदल्या दिवशी सोड्याने खाल्लं होतं. उरलं होतं एकटं मोठं. दारावर भलामोठा फलक होता:

"टाचणीसाहेब यांचा एकपात्री प्रयोग"

साहेब थबकले. दुसरं पात्र कालच गेलं, हे सेक्रेटरींना इतक्या लवकर कसं कळलं? व्यवस्था चोख आहे, असं मनात म्हणत ते आत शिरणार तोच दारावरच्या रखवालदाराने परवाना मागितला, वाचला आणि स्टोव्ह काढून घेतला. मग पिशवीतली सोड्याची बाटली हुंगली, डोळे पुसले आणि तीही काढून घेतली. "तेल ठेवू का?" साहेबांनी विचारलं. रखवालदाराने तेलही ठेवून घेतलं, घरच्यासाठी.

मग कोणीतरी त्यांना दंडाला धरून मंचावर उभं केलं, आणि पडदा वर गेला.

समोर माणसंच माणसं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत विमावाले, गाणंबाई, दंतवैद्य. तिसऱ्या रांगेत बायको, तिच्या एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला हाताची घडी घातलेले साडू. मंचावर एक टेबल, त्यावर एक पात्र, त्यात काही नाही. साहेबांच्या हातात लांब दांड्याचा चमचा.

आता काय करायचं, हे पुस्तिकेत नव्हतं. साहेबांनी चमचा पात्रात घातला आणि सवयीने ढवळायला सुरुवात केली. एकाच दिशेने. सभागृह चिडीचूप झालं. रिकामं पात्र ढवळणारा निवृत्त माणूस लोकांनी पाहिला आणि हे आपल्यावरच काहीतरी आहे असं समजून ते गंभीर झाले. गाणंबाईंनी रुमाल काढला. साहेब ढवळत राहिले. चमचा खरवडत राहिला. शेवटी पहिली खुर्ची कुरकुरली, मग दुसरी, आणि मागून कोणीतरी जांभई दिली. "उद्या या"मधल्यासारखी.

"संवाद म्हणा," पडद्याआडून सेक्रेटरी कुजबुजले.

"कसले संवाद?"

"नाटकाचे."

"कुठल्या नाटकाचे?"

"तुमच्या. हा नाटकाचा प्रयोग आहे ना?"

साहेबांचा चमचा थांबला. पात्रं, स्त्रीपात्र, संहिता, एकपात्री. सगळे कागद एकदम उघडले आणि साहेबांनी ते आत्ता, फार उशिरा, वाचले. तिसऱ्या रांगेत साडू बायकोच्या कानात काहीतरी बोलत होते आणि बायको मान हलवत होती. झालं. उद्या सकाळी खुर्ची, पंखा, "काय राव". निघून जावं तर पडद्यापाशी सेक्रेटरी हात जोडून उभे. काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी माणसं काय म्हणतात? उशीर झालेली, अडकलेली, हातात काहीच नसलेली माणसं? साहेबांना ते माहीत होतं. त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ते टेबलावर वाकले, आवाज खाली आणला आणि म्हणाले,

"तुमचा विश्वास बसणार नाही, पण..."

आणि फाटक उघडलं. सगळ्या नोकरीभर त्या खिडकीत फक्त आवक झाली होती. जावक आज सुरू झाली. प्रत्येक बकरी, प्रत्येक आजोबा बाहेर आला. साहेबांनी घड्याळाच्या स्प्रिंगची हकीकत सांगितली. ती पंख्याला लागून खिडकीबाहेर गेली, घंटाघराच्या घड्याळात घुसली आणि तेव्हापासून गावात सगळ्यांना उशीर होतो, कारण वैयक्तिक. साबणाची सांगितली. विमावाले त्यावरून जे निघाले ते चार पायऱ्या नव्हे, दोन मजले, फाटक, चौक आणि बाजार घसरत पार करून गेले, वाटेत तिघांचा विमा उतरवला, आणि चौथा सही करत असतानाच पुढे निघून गेले. पुढच्या रांगेतले विमावाले आधी लाल झाले, मग हसताना खुर्चीवरून घसरले. या वेळी खरोखर. अग्निशमन अधिकाऱ्याची ती न विझणारी आग साहेबांनी सांगितली तेव्हा दंतवैद्यांनी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. हसण्याच्या लाटांमागून लाटा येत होत्या आणि साहेब चमच्याने त्या ढवळत होते. त्यांना वाटलं, घट्ट होतंय. हे घट्ट होतंय.

"मग आता पुढे काय करणार, साहेब?" मागून कोणीतरी ओरडून विचारलं.

साहेबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आता त्यांना कसलंच भय उरलं नव्हतं. "पुढे?" ते म्हणाले. "आमचे साडू मला दुकानात बसवायला निघाले होते. प्रत्यक्ष सोन्याची खुर्ची केली होती. पण सकाळी ही माझ्यासमोर उभी राहिली. डोळ्यांत हे एवढं पाणी. तुमचा विश्वास बसणार नाही. सबंध पात्र भरलं. हुंदके देत मला म्हणाली, अहो, तुम्ही बाहेर पडू नका. तुमच्यावाचून दिवसभर घरात मला करमायचं नाही."

गाणंबाईंनी पुन्हा रुमाल काढला. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली आणि साहेबांची बायको उभी राहिली.

"खोटं आहे," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता, मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "साफ खोटं. मी रडले नाही आणि असलं काही बोललेही नाही. मी म्हटलं होतं, दोघांपैकी एकाने बाहेर पडायला हवं. ते मी पडले. गेला महिनाभर रोज दुपारी दुकानात बसून पाहिलं, जमतंय का ते. जमतंय. उद्यापासून त्या खुर्चीवर मी. विचारा भावोजींना. तुम्ही बसा घरी आणि मारा असल्या थापा, छान मारता. आणि येताना माझं पातेलं घासून आणा."